राणी धारावतीचा शेवट

कुडवा, गोंदिया
२ नोव्हेंबर २००३

प्रिय अल्का,

पत्र पाहून दचकशील. कॉलेज सुटल्यावर आपली भेट नाही, आणि मी काही लिहिलंही नाही. पण परवा बसस्टँडच्या भिंतीवर तुझा फोटो दिसला. डोक्यावर मुकुट, हातात तलवार, खाली मोठ्या अक्षरात ‘कु. अल्का मेश्राम’. माझ्याबरोबरच्या बाई म्हणाल्या, ही नाटकवाली. मी म्हटलं, ही माझी मैत्रीण.

होस्टेलच्या आपल्या खोलीत आपण लायब्ररीतल्या राजाराणीच्या जाडजाड कादंबऱ्या वाचायचो, आठवतं? राजकन्या पहिल्या पानावर घोड्यावरून यायची, चार शिपाई लोळवायची. मग कोणी राजपुत्र आला की आपली तलवार कुठे ठेवली तेच विसरायची आणि शेवटच्या पानावर त्याच्या खांद्यावर मूर्च्छा येऊन पडायची. तू पुस्तक भिंतीवर फेकून म्हणायचीस, “मंग हिले तलवार शिकवली कायले?”

तेच मनात राहिलं असावं. मी एक नाटक लिहिलंय. सोबत पाठवते.

रुपनगड नावाचं राज्य आहे. कुठलं, कोणत्या काळातलं, विचारू नकोस. तिथे बाईने लोखंडाला हात लावायचा नाही असा कायदा. भाजीसुद्धा शिंपल्याने चिरायची. तळ्यात अग्निसर्प आहे, त्याला दरवर्षी एक मुलगी द्यावी लागते. जो सर्पाला मारेल त्याचं सिंहासन. राजा मारायला जातो आणि मरतो. मग त्याची विधवा धारावती नवऱ्याची तलवार उचलते, तळ्यात उतरते आणि सर्पाचं मुंडकं घेऊन दरबारात येते. दरबार म्हणतो, सर्प मेलाय म्हणजे कोण्या पुरुषानेच मारला असणार, त्याला शोधा. तिचा दीर वीरभान पुढे होतो, “मीच मारला.” ती म्हणते, “मारला असशील तर उचल हे मुंडकं.” त्याच्याकडून ते हलतही नाही. मग कोणी खरं मानेल याची वाट न पाहता ती जाऊन सिंहासनावर बसते. पडदा.

तुझ्या नाटक कंपनीच्या मालकांना दाखवशील? धारावती लिहिताना मला सारखी तूच दिसत होतीस.

घरी सगळे बरे आहेत. ‘हे’ म्हणतात, लिहीत जा. मी इथल्या एका लहान शाळेत शिकवते. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव, घरी पोस्टमन वेळेवर येत नाही.

तुझी,
रविता

*

वडसा
२० नोव्हेंबर २००३

रविता,

जय भीम. तुझं नाटक एका बैठकीत वाचलं. तू शुद्ध लिहितेस, मी बोलते तशीच लिहिते, हासजो नको.

तुझ्या पोस्टमनचं समजलं. शाळेच्याच पत्त्यावर पाठवून राहिली, जास्त विचारत नाही.

आमचे मालक केशोराव. त्यांना सर्प लगीत आवडला, म्हणजे खूपच. म्हणे कापडाचा वीस हात लांब बनवू, तोंडातून धूर काढू. शिंपल्याने भाजी चिराचा सीनही आवडला. पण शेवट नाही. म्हणे, “बाई गादीवर बसली आन् खेळ संपला? पुढचे लोक खुर्च्या फेकतीन.” त्यांच्या मनात आहे की सर्प वीरभाननेच मारावा. मी म्हणली, मंग नाटकाचं नाव वीरभान ठेवा आन् राणीसाठी दुसरी पाहा. दोन दिवस भांडली. आता असं ठरलं की सर्प मीच मारन, पण दरबारात तलवार दिराच्या पायाशी ठेवन आन् त्याले टिळा लावन.

अजून एक. जाहिरातीत बाईचं नाव लेखक म्हणून चालत नाही म्हणतात केशोराव. ‘र. उ. पटले’ असं छापतो म्हणे.

मले माहीत आहे तुले राग येईन. पण रविता, पहिल्यांदाच असा पार्ट भेटला ज्यात मी रडत नाही, कोणाचे पाय धरत नाही. शेवटचा टिळा सोडून. तू हो म्हण.

घरी माझं जाणं कमी झालं. आमच्या बुद्धभूषणसाठी पोरी पाहून राहिले. पाहुणे आले की विचारतात, मोठी बहीण काय करते? मंग उठून जातात.

अल्का

*

कुडवा
१ डिसेंबर २००३

प्रिय अल्का,

नाव कसंही छापू दे. ‘र. उ.’ मध्ये मी आहेच.

पण शेवटाचं तुला समजावते, तू त्यांना समजाव. रुपनगडात न्याय करणारा कोणीच नाही. राजा नाही, पंच नाही, देवही नाही. मी मुद्दाम ठेवलेला नाही. तिथे तिला कोणी उठून म्हणणार नाही की बाई, तू बस. ती स्वतः बसली तरच बसेल. तिने टिळा लावला तर ती तळ्यात उतरली कशाला? पुढच्या वर्षी सर्प नसेल, पण मुली द्यायला वीरभान दुसरं काहीतरी शोधून काढेल.

आत्ता टिळा लाव. पण मी लिहिलेली वाक्यं पाठ ठेव.

खरं सांगते, ‘हे’ लिही म्हणत नाहीत. त्यांना माहीतच नाही. शाळेत मधली सुट्टी झाली की मुलांच्या वह्या तपासायच्या म्हणून मी वर्गातच बसते, तेव्हा लिहिलं. वाईट माणूस नाही उमेंद्र. कधी हात उगारला नाही. पण मी खिडकीपाशी जरा जास्त वेळ उभी राहिले तरी विचारतो, “काय पाहून राहिली?”

तुझी,
रविता

*

मुक्काम अर्जुनी मोरगाव
११ जानेवारी २००४

रविता,

तुझं नाटक चालून राहिलं! मंडईची जत्रा भरते त्या प्रत्येक गावातून मागणी आहे. सर्प निघाला की लेकरं आईच्या मांडीत घुसतात. वीरभानचा पार्ट ओमेश्वर करते. माणूस बरा आहे, विडी जास्त पिते. तळ्याच्या सीनमध्ये मी पाण्यात उतरते, निळी साडी दोन बाजूने धरून हलवतात, तेव्हा बायकांच्या बाजूने असा आवाज येते जसा सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.

आन् मंग दरबार. मंग टिळा.

काल सकाळी आम्ही सामान बांधून राहिलो होतो तं एक म्हातारी आली. हातात विळा, धानाच्या पेंढ्या बांधायले निघालेली. म्हणे, “राणी तूच होय का?” मी हो म्हणली. ती म्हणे, “मंग गादीवर तू काऊन नाही बसली? मारला तं तूच.” मी म्हणली, आजी, नाटकात तसंच आहे. म्हणे, “नाटकात बी तसंच का?” आन् निंगून गेली.

मी ठरवलं. महाशिवरात्रीले आपल्या इकडच्या प्रतापगडच्या यात्रेच्या दिवशी पायथ्याच्या एका गावात आमचा खेळ आहे. सगळ्यात मोठी गर्दी तीच. त्या दिवशी मी टिळा लावत नाही. तुझी वाक्यं मले पाठ आहेत. कोणाले सांगितलं नाही, ओमेश्वरलेही नाही. सांगितलं तं तो केशोरावले सांगन.

तू ये. लिहिणारीनं एक डाव तं पाहायले पाहिजे.

अल्का

*

कुडवा
२ फेब्रुवारी २००४

अल्का,

येते! आमच्याकडचे सगळे महाशिवरात्रीला प्रतापगडला जातातच. सासूबाईंचा नवस आहे. मी नुसतं म्हटलं, तिथे म्हणे नाटकही आहे, तर उमेंद्रच म्हणाला, मग पाहूनच परत येऊ. मला हसू आवरेना.

पाठ कर, पाठ कर. “मारला असशील तर उचल” म्हणताना घाई करू नकोस. त्याच्याकडे बघ आणि थांब.

रविता

*

वडसा
२४ फेब्रुवारी २००४

रविता,

तू आली होतीस का? मी बायकांच्या बाजूने पाहत होती, पण पुढच्या लाइटने डोळे दिपतात, चेहरे दिसत नाहीत.

जे झालं ते लिहिते.

दरबारापर्यंत सगळं रोजच्यासारखं. ओमेश्वर म्हणला, “सर्प मी मारला.” इथे मी रोज तलवार खाली ठेवते. नाही ठेवली. त्याच्याकडे पाहिलं, थांबली, तू सांगितलं तशी. मंग म्हणली, “मारला असशील तर उचल हे मुंडकं.” त्याले वाटलं मी पार्ट विसरली. ओठ न हलवता म्हणे, “तलवार ठेव, तलवार ठेव.” मी वळली आन् पायऱ्या चढून सिंहासनावर बसली.

रविता, मी बसली. ढोलकवाला थांबला. एवढं मोठं मैदान, पण कोणी खोकललं नाही. मले वाटलं, झालं. आता पडदा पडन.

पडदा पडला नाही. केशोराव विंगेत होते, त्यांनी दोरीवाल्याचा हात धरला. आन् ओमेश्वरले म्हणले, “उतरव तिले खाली.” ओमेश्वर वर आला. त्यानं माझे केस धरले. गंगावन नाही, माझे केस. सगळ्या पायऱ्यांवरून ओढत खाली आणली. मान पायरीच्या काठाले लागली. मी ओरडली. ते ओरडणं नाटकातलं नव्हतं.

आन् टाळ्या पडल्या. शिट्ट्या. वन्स मोअर. ओमेश्वर स्वतः घाबरलेला होता. पण टाळ्या ऐकल्या आन् तो सीधा उभा झाला, माझ्या पाठीवर पाय ठेवला. मंग पडदा पडला.

सकाळी केशोराव म्हणले, “गलती तं तू केलीच. पण शेवट भेटला.” म्हणे आता रोज हाच. राणी बसते, दीर उतरवते. गावोगावचे लोक विचारून राहिले, तो केस धराचा सीन आहे ना तुमच्यात?

मान उजवीकडे वळत नाही. गरम विटेने शेकते.

अल्का

*

कुडवा
१५ मार्च २००४

प्रिय अल्का,

मी होते तिथे. डाव्या बाजूला, कनातीजवळ.

तू बसलीस तेव्हा माझ्या शेजारची एक अनोळखी बाई माझ्या मांडीवर हात ठेवून बसली होती. तिला कळलंही नसेल. मग तो वर आला. मला माहीत होतं की हे मी लिहिलेलं नाही. त्या मैदानात तेवढं मला एकटीलाच माहीत होतं. तू ओरडलीस आणि मी उठले. सासूबाईंनी पदर ओढून बसवलं. “मागच्यायले दिसत नाही,” म्हणाल्या. आणि मी बसले.

उमेंद्र पुरुषांच्या बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होता. परत येताना गाडीत म्हणाला, “शेवट तं जबरदस्त होता.” मला राहवलं नाही. म्हटलं, ते नाटक माझं आहे, आणि तो शेवट माझा नाही. आधी हसला. मग मी वाक्यं म्हणून दाखवली तेव्हा हसणं थांबलं. घर आल्यावर म्हणाला, “र. उ. म्हणजे रविता उमेंद्र. मग मलेच माहीत नव्हतं?”

रागावला नाही. मी रागावण्याची वाट पाहत होते. दुसऱ्या दिवशी त्याने सासऱ्यांना सांगितलं. छोटेलालजी म्हणाले, “पटल्यांचं नाव भिंतीवर चिकटलं, आन् आमाले पत्ता नाही.” मग म्हणाले, शाळेत रिकामा वेळ जास्त मिळत असेल. एक तारखेपासून शाळा बंद आहे. माझी. मुलांना दुसऱ्या बाई आल्या.

मी केशोरावांना पत्र टाकलं आहे की माझं नाटक परत करा, एकही प्रयोग करू नका. तू त्यांची कंपनी सोड. मी तुझ्यासाठी दुसरं लिहीन.

आता पत्र सुशिलाबाईंच्या पत्त्यावर पाठव. समोर त्यांचं शिलाईचं दुकान आहे, त्या माझ्या हातात देतील.

रविता

*

वडसा
२ एप्रिल २००४

रविता,

तुझं पत्र केशोरावने जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. हासले नाहीत, तसे ते हासणारे नाहीत. घडी करून खिशात ठेवलं आन् म्हणले, “हे बाईशी बोलाचं काम नोहे. घरधन्याशी बोलतो.”

सोड म्हणतेस. सोडून कुठे जाऊ? दुसऱ्या कंपनीवाल्यांना विचारून पाहिलं. एक म्हणे, तू चालू नाटकात पार्ट बदलते, तुझा भरवसा नाही. दुसरा म्हणे, ये, पण तोच केसवाला सीन करशील का? लोक तुले त्यासाठीच ओळखतात.

बुद्धभूषणचं जमलं. पोरीच्या बापाने अट घातली की नाटकवाली बहीण मांडवात दिसली नाही पाहिजे. बुद्धभूषण स्वतः सांगायले आला. लगीत रडला. मी म्हणली, रडू नको, त्या दिवशी माझा खेळच आहे. खेळ नव्हता. साडी पाठवली नवरीसाठी.

तू माझ्या मानेची चिंता करू नको. ओमेश्वरने आता युक्ती काढली, केस मुळाशी धरते म्हणजे हिसका कमी बसते. दुखत नाही.

एक गोष्ट मात्र पाहिली. मी गादीवर बसली की बायका उठायले लागतात. लेकरं काखेत घेतात, चटया गुंडाळतात. त्यांना पुढचं ठाऊक असते. मी वर बसून त्यांच्या पाठी पाहते.

अल्का

*

सालेकसा
२७ जानेवारी २००५

रविता,

पूर्ण पावसाळा गेला, तुझं पत्र नाही. तीन पाठवली, सुशिलाबाईंकडे पडून आहेत की काय?

काल इथे आपल्या नाटकाचा सत्कार होता. मले कोणी आधी सांगितलं नाही. मध्यांतरात केशोराव माईकवर म्हणले, “आता या नाटकाचे लेखक, श्री. र. उ. पटले!” मले वाटलं तू आली. खरंच वाटलं. मुकुट सावरत पुढे धावली मी.

उमेंद्रभाऊ आले. पांढरा शर्ट, कपाळावर टिळा. शाल आन् नारळ द्यायचं काम नायिकेचं असते, म्हणून ते मीच दिलं. त्यांनी भाषण केलं. चांगलं केलं. म्हणले, धारावती आपल्या घराघरात आहे, आपण तिले पाहत नाही. लोकांनी टाळ्या दिल्या. मी बाजूले उभी. माईक माझ्यापासून दोन हातावर होता. मी बोलू शकत होती.

खाली उतरताना ते हळूच म्हणले, “रविता बरी आहे. पोरगी झाली.” तू मले सांगितलं नाही.

मंग आमचा तिसरा अंक झाला. ते पहिल्या रांगेत बसून होते.

अल्का

*

कुडवा
९ फेब्रुवारी २००५

प्रिय अल्का,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे.

केशोराव दसऱ्याच्या आधी घरी आले होते. ओसरीवर सासरे, उमेंद्र आणि ते. मी चहा नेऊन दिला. उमेंद्रने लेखक म्हणून कागदावर सही केली. ‘उ’ त्याचाच आहे, तेव्हा खोटं काही नाही. केशोराव जाताना मला म्हणाले, “वहिनी, चहा मस्त होता.”

सालेकसाचं मला माहीत होतं. तो पांढरा शर्ट मी इस्त्री केला. आदल्या दिवशी उमेंद्र माझ्याजवळ येऊन बसला, लहान मुलासारखा. म्हणाला, “लोक विचारतीन राणी कशी सुचली, मी काय सांगू?” त्याला खरोखर भीती वाटत होती. त्याची दया आली. मी भाषण लिहून दिलं आणि दोनदा म्हणवून घेतलं. ‘घराघरात’ म्हणताना हात कसा करायचा तेही दाखवलं.

मी चांगलं लिहून दिलं, अल्का. वाईट लिहून देता आलं असतं. तेवढं तरी करता आलं असतं. सुचलंच नाही.

मुलीचं नाव सासऱ्यांनी ठेवलं. शांत आहे. कोणी उचलून घेतलं तरी जाते.

नवीन नाटक लिहीत नाही. सुरू केलं होतं. प्रत्येक वेळी राणी सिंहासनाकडे निघाली की मला त्या पायऱ्या दिसायच्या, आणि मी तिला पहिल्या पायरीवरच थांबवायचे. मग लिहायला काही उरायचं नाही.

सुशिलाबाई दुकान बंद करून मुलाकडे रायपूरला चालल्या. यापुढे पत्र कुठे पाठवशील ते मला सुचत नाही.

रविता

*

वडसा
१४ नोव्हेंबर २००९

रविता,

तुझ्या घरच्याच पत्त्यावर टाकून राहिली. कोणी वाचलं तं वाचो. यात लपवण्यासारखं काही नाही.

मी मागच्या सीझनपासून रंगमंचावर नाही. मान अर्ध्यावरच वळते, आन् उजव्या हाताची बोटं बधिर होतात, तलवार धरवत नाही. डॉक्टर म्हणले मणका सरकला. आई गेली. बुद्धभूषणले दोन पोरं आहेत म्हणतात.

तुझं नाटक अजून चालते. सर्प नवीन बनवला, डोळ्यात लाल बल्ब आहेत. केशोराव थकले, पण कंपनीत ठेवलं त्यांनी मले. काढू शकत होते, काढलं नाही. आता मी नव्या पोरीले तयार करते. भूमेश्वरी नाव आहे तिचं. अठरा वर्षांची, आवाज असा की शेवटच्या चटईवरच्याले ऐकू जाते. तुझी वाक्यं ती माझ्यापेक्षा बरी म्हणते. म्हणून झाल्यावर थांबते, तू सांगितलं होतं तशी. तिले मी सांगितलं नाही, तिचं तिलेच समजलं.

सकाळी कंपनीच्या कार्यालयामागच्या अंगणात तिले पडायचं शिकवते. पोती अंथरून. ओमेश्वर खुर्चीवर बसून वाट पाहते, त्याचेही गुडघे गेले आता. मी सांगते, केस धरले की हनुवटी छातीले लाव. मान सैल सोड. पाठ गोल कर, खांदा आधी टेकव, डोकं नाही. ती लवकर शिकून राहिली.

काल तिनं विचारलं, “ताई, ओढताना मी सिंहासनाचा हात धरून ठेवू का? थोडा वेळ?”

मी म्हणली, धरू नको. धरलं तं जास्त लागते.

अल्का